तिसरा फ्यूज

पाण्याखाली मला मागे जाता येतं. वळून नव्हे. तोंड समोर ठेवून, पोटावर आडवी असताना, हात न हलवता, नुसत्या पायांनी. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या लाटंबार्स्यात पुष्कळांना ते अजून खरं वाटत नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांना त्यात काय मोठंसं, असं वाटतं.

मी शेवंती. वय पंचेचाळीस. नवरा मधुकर डिचोलीकडच्या खाणींवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या आणि आम्ही हरमलला गेलो. तिथे तो पर्यटकांच्या स्कूटरी दुरुस्त करायला लागला आणि मी गौरेशच्या डायव्हिंगच्या दुकानात स्वयंपाकाला लागले. स्वयंपाकावरून डायव्हिंगचे सूट धुण्यावर आले, सुटांवरून सिलिंडर भरण्यावर, आणि एक दिवस गौरेशला म्हटलं, आता मला खाली ने. तो हसला. मी दुकानाचा चहा टाकायचं बंद केलं. चौथ्या दिवशी त्यानं मला नेलं.

त्याला आता सात वर्षं झाली. पाहुण्यांना खाली नेऊन धडपणे वर आणणं हे माझं काम आहे. मागे जायची लाथ गौरेशनं मला एकदाच करून दाखवली. पाय मागे लांब सोडायचे, घोटे बाहेर वळवायचे आणि पायांत घातलेल्या रबरी फिनच्या वरच्या बाजूनं पाणी आपल्या अंगाकडे ओढायचं. ऐकायला सोपं. मला तीन महिने लागले. हरमलच्या गोड्या तळ्यात रोज दुपारी जाऊन मी मागे जायला बघायची आणि पुढेच सरकायची. दुकानातला दुसरा गाइड अमोल, वेंगुर्ल्याकडचा, माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान आणि रेड्यासारखा ताकदवान. तो काठावर बसून ट्रकचा क्लीनर ओरडतो तसा ओरडायचा, ‘‘येवंदी, येवंदी! काकी, अजून मागे येवंदी!’’

ओरड म्हटलं. मला जमलं तेव्हा तो गप्प बसला.

उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. पाहुणा कॅमेरा घेऊन प्रवाळाला नाक लावायला निघतो, तेव्हा त्याच्या टाकीला धरून मला त्याला मागे घेता येतं, तेही प्रवाळाला हात न लावता. विषारी काट्यांचा मासा समोर आला तर पाठ न फिरवता दूर होता येतं. वर येण्याआधी दोराजवळ तीन मिनिटं थांबायचं असतं, तेव्हा लोक एकमेकांवर आपटत असतात आणि मी माझ्या जागेवर असते. एवढंच. पण खाली एवढंच पुष्कळ असतं.

फेब्रुवारीत सासूबाईंचा, कमलाक्षीचा, फोन आला. त्या लाटंबार्स्यातच राहतात, त्यांना गाव सोडायचं नाही.

‘‘भात पोटरेक इलां आनी पाटात थेंब नाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू थंय लोकांक पाणी दाखवतंस मगे? मग ये आनी हंय मार बुडी.’’

आमच्याकडे उन्हाळी भाताला वायंगण म्हणतात. गावचे झरे खाणीनं केव्हाच आटवले, पण जाताना कंपनी एक भला मोठा खड्डा सोडून गेली आणि तो पाण्यानं भरला. त्याच पाण्यावर पंप बसवून गाव वायंगण करतं. डिसेंबरात सासूबाईंनी आणि मी चार दिवस कंबर मोडून आमचा तुकडा लावला होता. भात पोटरीत, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात, असताना पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसती फोलं राहतात. पंप चार दिवस बंद होता, म्हणजे पंप फिरत होता पण पाणी ओढत नव्हता. खाली पाइपच्या तोंडाला जी लोखंडी चाळणी असते तिच्यावर काहीतरी बसलं होतं.

पाइप वर काढायचा तर क्रेन हवी. चाळणी सात मीटर खाली, कंपनीनं बांधलेल्या सिमेंटच्या चरात, आणि चरावर वरून लादी. आत जायचं तर एका टोकानं, आणि बाहेर यायचं तर त्याच टोकानं.

पाणी समितीचे अध्यक्ष बाबाजी. पूर्वी पंच होते, मिशा अजून पंचाच्या आहेत. त्यांनी गौरेशला फोन करून सांगितलं, ‘‘एक बरो दादलो माणूस धाड.’’ दादलो म्हणजे पुरुष, म्हणून गौरेशनं अमोलला पाठवलं. मी दोर धरायला म्हणून बरोबर गेले. दोर धरायला! हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

शनिवारी अमोल उतरला. पाच मिनिटांत खड्ड्याचं हिरवं पाणी त्या जागी तांबडं झालं आणि दहाव्या मिनिटाला तो कपाळावर टेंगूळ घेऊन वर आला.

‘‘काय्येक दिसना, काकी,’’ तो म्हणाला. ‘‘आत गेलंय तो तळचो चिखल उठलो. वळाक बघलंय तर वरची लादी लागली. नाकार हात धरलो तरी दिसना.’’

अमोलचं हेच मला आवडतं, तो खोटं बोलत नाही. खाणीचा तो चिखल पिठापेक्षा बारीक असतो, फिनचा नुसता वारा लागला तरी उठतो. आणि चर एवढा अरुंद की माणूस वळायला गेला की त्याचे पाय तळ नांगरणारच.

बाबाजींनी तिथेच निकाल दिला. ‘‘क्रेन गुरुवारी गावतली. तवसर रवया.’’

‘‘गुरुवारपर्यंत भात रवतला?’’ मी विचारलं. ‘‘फाल्यां सकाळी चिखल खाली बसतलो. मी जातंय.’’

‘‘तू?’’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘हो दादलो माणूस जाऊन इलो, त्येका जमाक नाय. तू काय करतलंस?’’

‘‘वळाचा नाय,’’ मी म्हटलं. ‘‘मी तशीच मागे येतलंय.’’

पाच-सहा जण हसले. एकानं हातानं ट्रकचा गिअर टाकून दाखवला. मधुकरही तिथे होता, तो मात्र हसला नाही. वीस वर्षं त्यानं भरलेले ट्रक दरीच्या कडेनं मागे घेतले होते. तो एवढंच म्हणाला, ‘‘ती येतली मागे.’’ बायकोवर विश्वास ठेवला म्हणून त्याच्याकडेही लोकांनी विचित्रच बघितलं.

रविवारी सकाळी पाणी निवळलं होतं. खड्ड्याच्या काठावर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे, खाणीच्याही आधीपासूनचा. कंपनीनं सगळा डोंगर खाल्ला पण त्याला हात लावला नाही. कुठल्याही कामाआधी त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालायचं अशी रीत आहे. एकानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यावर हुंकार भरायचा. गाऱ्हाणं घालणारे अर्थातच बाबाजी, शनिवारीही तेच.

मी सिलिंडर पाठीवर चढवला आणि पंपाच्या खोपीकडे बघून ओरडले, ‘‘प्रशांत, फ्यूज काढलंस?’’

प्रशांत पंप चालवतो. तो खोपीच्या दारातून म्हणाला, ‘‘काढलंय गे, वैनी. तशीय लाइट नाय. चार वाजल्याशिवाय येवची नाय, मेसेज इलोहा.’’

‘‘दाखय.’’

‘‘अगो काढलंय म्हणतंय मगे!’’

तेवढ्यात बाबाजींनी सुरुवात केली आणि सगळ्यांनी हात जोडले. मी खोपीत जाऊन बघायला हवं होतं. गाऱ्हाणं चालू असताना मध्येच कसं उठायचं म्हणून गेले नाही. ती माझी चूक, आणि ती मी मान्य करते.

‘‘देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या पाण्यात आमचो अमोल आनी मधुकराची बायल उतरतत, त्यांका सांभाळ रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळे म्हणाले.

अमोल चराच्या तोंडाशी बसून राहणार होता, नुसता दोर धरून. आत जाणार होते मी. पण गाऱ्हाण्यात त्याला नाव होतं आणि मला नवरा. ‘माका नाव आसा’ असं मी पुटपुटले. बाबाजींनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

खाली गेलो. चराचं तोंड दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. पोटाखाली वीतभर पाणी आणि मग चिखल, टाकीच्या वर वीतभर पाणी आणि मग लादी. गुडघे दुमडून, फिन वर धरून मी इंच इंच आत सरकले. चार मीटर सरकायला किती वेळ लागावा? मला सात मिनिटं लागली, आणि मागे वळून बघायची सोय असती तर दिसलं असतं की चिखलाचा कणही उठला नव्हता.

चाळणीला फ्लेक्सचं कापड गुंडाळलं होतं, आणि त्याच्याभोवती त्याचीच सुतळी. कापड ओढलं की मी त्याच्याकडे ओढली जायची. म्हणून एकदा ओढायचं आणि तेवढंच पायांनी मागे यायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा मागे यायचं. हातांनी काम आणि पायांनी जागा धरून ठेवणं. हरमलच्या तळ्यातले तीन महिने याचसाठी होते. कापडाची एक बाजू मोकळी झाली. दिव्यात त्याच्यावरची अर्धी मिशी दिसली. कोणाची, ते बघायला मी थांबले नाही.

आणि पाइप गुणगुणला.

मला आधी कळलंच नाही. मग लोखंड थरथरलं, मोकळं झालेलं कापड फाडकन परत चाळणीवर बसलं आणि माझ्या मनगटाला बांधलेली दिव्याची दोरी त्याच्याबरोबर आत खेचली गेली. माझा डावा तळवा चाळणीच्या उघड्या भागावर सपाट चिकटला. पंप चालू झाला होता.

घाबरले. खोटं कशाला सांगू, एवढी मी बाळंतपणात घाबरले नव्हते. अंग म्हणत होतं वळ आणि पळ. वळले असते तर लादीखाली आडवी अडकले असते. नेहमीसारखे पाय मारले असते तर आणखी चाळणीतच घुसले असते. पायांना मात्र तिसरं काहीतरी येत होतं आणि त्यांनी माझी परवानगी घेतली नाही. घोटे बाहेर, पाणी अंगाकडे. एकदा. दोनदा. तळवा सुटला. तिसऱ्यांदा दोरी ताणली. पाचव्यांदा ती तुटली आणि दिवा गेला. काळोखात मी सरळ रेषेत मागे येत राहिले, मोजत, दात हवेच्या नळीच्या रबरात रुतवून, अमोलच्या हातात माझी फिन येईपर्यंत.

वर आले तर काठावर लोक टाळ्या वाजवत होते. पंप लागला म्हणून! पंपाचा आवाज ऐकून त्यांना वाटलं, काम झालं.

‘‘पंप बंद करा!’’ मी ओरडले ती अशी, की झाडावरचे कावळे उडाले.

खोपीत फ्यूज होते तिथेच होते, तिन्ही. पंपाला ऑटो बसवलेला आहे, लाइट आली की तो आपोआप चालू होतो, माणसाची वाट बघत नाही. लाइट चारऐवजी अकराला आली. गावानं ग्रामदेवी सातेरीला बोलावलं, राखणदाराला बोलावलं, चारी वाटांवरच्या देवांना बोलावलं. पण उठून तीन फ्यूज कोणी काढले नाहीत.

प्रशांत रडकुंडीला आला होता. ‘‘लाइट नाय मगे आसली, वैनी,’’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाबाजी मात्र शांत. राखणदाराकडे बघून ते म्हणाले, ‘‘देवान दाखवल्यान. मी कालच सांगलंलंय, बायल माणूस ह्या पाण्यात नको. आता पुरे. गुरुवारी क्रेन येतली.’’

आणि लोक माना डोलवायला लागले. टाळ्या वाजवणारेच लोक.

माझा तळवा लाल झाला होता, चाळणीची भोकं त्यावर उमटली होती. तो मी बाबाजींच्या तोंडासमोर धरला. ‘‘ह्या देवान केल्यान नाय, बाबाजी. ह्या ऑटोन केल्यान. देवाक कित्याक मधी घालतास? आनी मी परत जातंय. चिखल बसूक दोन तास, मग.’’

‘‘मी गाऱ्हाणा घालूचंय नाय,’’ ते म्हणाले.

‘‘नाका घालू.’’

मी खोपीत गेले आणि चिनीमातीचे ते तिन्ही पांढरे फ्यूज स्वतःच्या हातानं उपसून घेतले. जाकिटाच्या खिशात टाकले आणि चेन ओढली. ते माझ्याबरोबर सात मीटर खाली जाणार होते. मी वर येईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी तो पंप चालणार नव्हता.

मधुकर दोन तास माझ्या शेजारी बसला. ‘जाऊ नको’ म्हणाला नाही, ‘जा’ही म्हणाला नाही. माझा लाल हात घेऊन बसला होता. मला भीती वाटत होती आणि त्याला ते कळत होतं. पण गुरुवारपर्यंत थांबणं म्हणजे डिसेंबरातले ते चार दिवस, सासूबाईंची ती कंबर आणि सगळ्या गावाची लावणी बाबाजींच्या शब्दाखातर वाळू देणं. आणि उद्या हरमलला मी कुठल्या तोंडानं पाहुण्यांना खाली नेणार होते?

मी पाण्याकडे निघाले तसं कोणीच हललं नाही. गाऱ्हाण्याशिवाय त्या पाण्यात तोवर कोणी उतरलं नव्हतं. तेव्हा सासूबाई उठल्या. पंचाहत्तरीच्या, हातात कोयता, कारण त्या सकाळपासून काठावर येऊन बसल्या होत्या आणि रिकाम्या हातानं त्या कुठेच बसत नाहीत. त्या दगडासमोर उभ्या राहिल्या. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही.

‘‘देवा म्हाराजा!’’ त्यांचा आवाज चिरका, पण पलीकडच्या काठापर्यंत गेला. ‘‘आज ह्या पाण्यात माझी सून शेवंती उतारता. शेवंती! नाव धेनात ठेव. तिका सुखरूप वर हाड, आनी कोण त्या पंपाक हात लावीत तर त्येका मी बघतंय, तू तरास घेव नको रे म्हाराजा!’’

कोणी हुंकार भरेना. गाऱ्हाणं असं अधांतरी राहणं फार वाईट. बाबाजी जमिनीकडे बघत होते.

‘‘व्हय म्हाराजा!’’ अमोल ओरडला. पाण्याच्या कडेला सिलिंडर चढवून उभा, टेंगूळ आलेला. मग मधुकर. मग, कापऱ्या आवाजात, प्रशांत. तिघांचा हुंकार मला पुरला.

दुसऱ्या वेळी दिवा कपाळावर बांधला होता, मनगटाला काही ठेवलं नाही. चाळणीसमोर पोचले आणि आधी पाइपला हात लावून बघितला. सुतळी कापली. कापड सैल झालं आणि आत अडकलेला चिखल एकदम फुटून बाहेर आला, सगळं तांबडं, मग काळं. मी दोन्ही हातांत कापडाची टोकं घट्ट धरली. आता हात गुंतलेले, डोळे बंद असल्यासारखे आणि समोर दीड माणूस उंचीचं ओझं. वळणं नाही, चाचपडणं नाही. पायांनी एक एक हात मागे, ओझं पुढ्यात ओढत, सरळ. चौदा लाथा लागल्या. पंधरावीला अमोल.

फ्लेक्स आम्ही काठावर पसरला. दोन वर्षांपूर्वी पंप सुरू झाला त्या दिवशी खड्ड्याच्या कुंपणावर लावलेला, कधीतरी वाऱ्यानं उडालेला. चिखल निथळला आणि अक्षरं दिसली: गावात पाणी आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली पंचाच्या मिशा. गालांवर, कपाळावर, सगळीकडे चाळणीच्या भोकांचे गोल गोल वण. माझ्या तळव्यावर होते तसेच.

हसायचं कोणी धाडस केलं नाही. सासूबाईंनी केलं.

‘‘प्रशांत, पंप लाव,’’ बाबाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

‘‘फ्यूज?’’ प्रशांतनं माझ्याकडे बघितलं.

मी खिशाची चेन उघडली. ‘‘आधी गाऱ्हाणा,’’ मी म्हटलं. ‘‘काम झाला की उतराई घालूची आसता. घाला, बाबाजी. रीत ती रीत.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. ऊन कलायला लागलं होतं, खाली शेतात माणसं पाटाकडे डोळे लावून उभी होती. मग ते दगडाकडे वळले आणि हात जोडले. ‘‘देवा म्हाराजा, तुझ्या कृपेन आज पाणी सुटता रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

मी एक फ्यूज प्रशांतच्या हातावर ठेवला.

‘‘चाळण मोकळी झाली रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

दुसरा ठेवला. तिसरा मी मुठीत धरला.

‘‘जिणां मोकळी केली ती... मधुकराची बायल...’’

हुंकार यायच्या आत मधुकर म्हणाला, ‘‘तिका नाव आसा, बाबाजी.’’

मी मूठ उघडली नाही. मला घाई नव्हती. माझा तळवा दुखत होता, सूट ओला होता आणि खालच्या कोपऱ्यात आमचं भात तहानलेलं होतं, पण मला घाई नव्हती. बाबाजींनी एकदा त्या फ्लेक्सकडे बघितलं, एकदा माझ्या मुठीकडे.

‘‘शेवंतीन,’’ ते म्हणाले. मग, मोठ्यानं, ‘‘आमच्या शेवंतीन मोकळी केली रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळा काठ म्हणाला.

मी तिसरा फ्यूज दिला.